सहाणेवरचं जायफळ

कापूरहोळच्या फाट्यावर याकूबभाईंच्या हॉटेलात मिक्सर आला, त्या दिवशी अख्ख्या फाट्याला आनंद झाला. झाला नाही तो एकट्या झुबेदाभाभींना. नवऱ्यानं हौसेनं आणलेल्या यंत्रावर त्यांचा राग नव्हता. राग होता तो त्यात पडणाऱ्या बदामांवर.

कारण होतं मानसिंग. भोर-स्वारगेट एसटीचा हा ड्रायव्हर नऊ वर्षं रोज सकाळी गाडी फाट्यावर लावायचा आणि भाभींच्या हातची कॉफी प्यायचा. दाट दुधाची, वरून जायफळ घातलेली. ड्रायव्हर-कंडक्टरला हॉटेलवाल्यानं फुकट आणि स्पेशल द्यायचं, हा हमरस्त्याचा रिवाजच. पण मानसिंगच्या बाबतीत हा रिवाज जिवावर बेतायचा. काजू, बदाम, पिस्ता, शेंगदाणा, यातलं कणभर जरी पोटात गेलं तरी त्याचे ओठ सुजायचे आणि घसा आवळायचा. एकदा एका ढाबेवाल्यानं प्रेमापोटी दुधात काजूची पूड घातली आणि वर म्हणाला, "अवो, चिमूटभरच तर हाय!" त्या चिमटीनं मानसिंगला तीन दिवस दवाखान्यात झोपवलं. गाडी चालू असती तर चाळीस माणसांचं काय झालं असतं, या विचारानं त्याला आजही घाम फुटायचा.

तेव्हापासून तो जाईल तिथं चौकशी करायचा. पातेल्यात आधी काय होतं? गाळणी कुठली? चमचा धुतला का? चहावाले वैतागायचे. "पिणार हाय का तपासणी करणार?" म्हणायचे. भाभी तेवढ्या कधी वैतागल्या नाहीत. त्यांच्या हॉटेलात मुळात सुकामेवा किंवा शेंगदाणा नव्हताच, शिवाय मानसिंगचा काचेचा पेला त्या वेगळा ठेवायच्या.

आणि आता दारावर पाटी लागली, 'बदाम शेक'. मानसिंगनं ती वाचली आणि हात जोडले. "भाभी, आपली कॉफी आता बंद. राग मानू नका."

सतरा दिवस तो गाडी लावायचा, रामराम करायचा आणि दारात उभा राहून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचा. भाभींना ते जिव्हारी लागलं. त्यांच्या दारातून माणूस तहानेला जातोय आणि आत याकूबभाई दिवसभर मिक्सर घरघरवतायत! अठराव्या दिवशी त्यांनी पदर खोचला. नवं पातेलं आणलं, नवी गाळणी आणली. मागच्या परसात मिक्सरपासून लांब वेगळा स्टोव्ह मांडला. राहता राहिली जायफळाची किसणी. ती तर याकूबभाईंनी शेकवर बदाम किसायला कधीच पळवली होती. मग भाभींनी घरची सहाण आणली. जुनी, दगडी, मधोमध झिजलेली. राखेनं घासली, उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली आणि तिच्यावर दुधाच्या थेंबात जायफळ उगाळलं.

दुसऱ्या दिवशी एसटी लागली तशी भाभींनी हाक मारली, "मानसिंगभाऊ, आज आत या. इच्चारायचं त्ये सगळं इच्चारा."

मानसिंगनं विचारलं. "पातेलं?"

"नवं."

"गाळणी?"

"ती बी नवी. पेला तुमचाच. स्टोव परसात हाय, जाऊन बघा."

तो खरंच जाऊन बघून आला. "आन् किसणी?"

"तिला हातच न्हाई लावला. घरच्या सहाणेवर उगाळलंय."

मानसिंगचा चेहरा खुलला. बाकावर बसून त्यानं पेला हातात घेतला, वास घेतला. भाभींना इतकं बरं वाटलं की त्या तशाच पदराला हात पुसत समोर उभ्या राहिल्या.

"सहाणेवरचं जायफळ!" मानसिंग म्हणाला. "आईची याद आली बगा. माझं हे दुखणं पयल्यांदा तिलाच कळलं. सा महिन्यांचा हुतो म्या. बाळगुटीत तिनं दोन वळसं बदाम उगाळला, आन् माझं त्वांड असं सुजलं…"

त्यानं पेला ओठांकडे नेला.

भाभींच्या डोळ्यांपुढे घरचा ओटा आला. मांडीवर पाच महिन्यांची नात अम्रीन, आणि सून शाहिस्ता गुटी उगाळतेय. रोज सकाळी. वेखंड, हळकुंड, खारीक. आणि बदाम. याच सहाणेवर! दगड तो, घासून कितीसा निघणार?

"थांबा!" भाभी ओरडल्या आणि त्यांनी पेल्यावर झडप घातली. निम्मी कॉफी त्यांच्या हातावर सांडली, निम्मी मानसिंगच्या खाकी पँटीवर. गिऱ्हाइकं बघत राहिली.

"अगं, येड लागलं काय तुला?" याकूबभाई धावत आले.

"सहाणेवर अम्रीनचा बदाम उगाळत्यात," भाभी कशाबशा बोलल्या आणि त्यांना रडूच कोसळलं. "माज्या हातानं मारलं असतं की वो मी तुमाला!"

मानसिंगनं ओठांवरून हात फिरवला. ओठ कोरडे होते. बाहेर कंडक्टर ज्ञानू घंटी वाजवत होता. मानसिंगनं दारातून हात केला, "ज्ञानू, पाच मिंटं थांब!" आणि पुन्हा बाकावर बसला. "भाभी, आदी हात गार पाण्यात धरा. मग दुसरी टाका. बिनजायफळाची."

"आजून पिणार? माज्या हातची?"

"मग कुणाच्या? इच्चारलं की सगळी 'बदाम न्हाई, काजू न्हाई' म्हणत्यात, भाभी. पर चूक ध्यानात आल्यावर दिलेला पेला वढून घेणारं माणूस एक माझी आई हुती, आन् दुसऱ्या तुमी."

भाभींनी हात आणि पेला स्वच्छ धुऊन दुसरी कॉफी केली. जायफळाशिवाय ती अगदीच सपक झाली होती. मानसिंगनं ती तळापर्यंत प्यायली आणि गाडी सोडली.

संध्याकाळी भाभींनी भोरहून छोटी नवी किसणी आणवली, तिला लाल दोरा बांधला आणि याकूबभाईंचा हात पोचणार नाही अशा खिळ्याला अडकवली. दुसऱ्या दिवशी मानसिंग आला, बाकावर बसला आणि त्यानं पातेल्यापासून सुरुवात करून सगळे प्रश्न पुन्हा विचारले. भाभींनीही सगळ्यांची उत्तरं दिली. कालच्या इतक्या प्रकारानंतरही तो आपल्यालाच विचारतोय आणि आपल्या शब्दावर पेला उचलतोय, याचंच त्यांना सगळ्यात जास्त बरं वाटलं.