डोहाळ्यांचा कुपा

डोहाळे अडवू नयेत म्हणून सगुणाबाईने पोटुशा लेकीला, सुरेखाला, महाडच्या बाजारातून कुपा मासा आणून खाऊ घातला होता, तोही जाड काप बघून. नातू तीन वर्षांचा झाला तरी मान धरत नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांनी माशातल्या पाऱ्यावर बोट ठेवलं. सगुणाबाई कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाक करायची. गावाने कारखान्याच्या सांडपाण्याला दोष दिला तेव्हा तेच साहेब गावसभेत हसून म्हणाले, "कुपा अख्खा समुद्र फिरून येतो. त्यातला पारा आमच्याच नाल्यातला कशावरून? बिनधास्त खा."

सगुणाबाई दुसऱ्या दिवशीही बंगल्यावर स्वयंपाकाला गेली. ती वाट बघत राहिली.

आज साहेबांची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती आणि तिला मासा खावासा वाटत होता. पंगतीला सरपंचासकट गावातली माणसं होती. सगुणाबाईने सगळ्यांत जाड काप तिच्या ताटात वाढला.

"कसला मासा?" साहेबांनी विचारलं.

"कुपा हाय."

साहेबांनी झटकन लेकीच्या ताटावर हात आडवा धरला. पंगतीतले घास हातातच राहिले.

सगुणाबाई ताटाजवळून हलली नाही.

"हात काढा सायेब," ती म्हणाली. "पोरीचे डोहाळे अडवू नयेत."