पाहुण्यांपुरत्या बंद केलेल्या गोळ्या

टेंभुर्णीत खताचं दुकान चालवणाऱ्या सयाजीची लेक आरोही सकाळपासून चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघर ते बैठक अशा येरझाऱ्या घालत होती. मुलगी दाखवण्याची ही तालीम. कपबशा खडखड वाजत होत्या.

"त्या गोळ्यांनीच हात कापत्यात पोरीचं," आत्या गोजरबाई म्हणाली. "माळशिरसचं पाव्हणं बगतील की! तेवढं हुईस्तवर बंद कर, सयाजी."

"डॉक्टरनं बंद करू नका म्हनून बजावलंय, आक्का."

"डॉक्टर काय जावई आनून देनार हाय? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

स्वतःची मधुमेहाची गोळी मात्र गोजरबाईला एक वेळही चुकवलेली चालत नसे. सयाजीने लेकीच्या गोळ्या कपाटात कुलूपबंद केल्या. दोन वर्षांपूर्वी हीच आरोही झोपेविना बडबडत हायवेच्या मधोमध उभी राहिली होती. सोलापूरच्या उपचारांनी ती माणसांत आली, बी.कॉम. झाली. हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच? पण लेकीच्या लग्नाचा विषय निघाला की आपल्याकडे भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते.

थोड्याच दिवसांत हाताचा कंप गेला. झोपही गेली. आरोही घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली. तेच दुखणं परत येतंय, हे तिने ओळखलं आणि ती घाबरली.

"आबा, गोळ्या द्या की."

"पाव्हणं येऊन जाऊ दे गं."

पाहुणे आले. ट्रे जराही हलला नाही. मुलाची आई वैजयंतीबाई खूश झाल्या. "पोरगी लई तरतरीत हाय!"

आरोही आत गेली नाही.

"आबा, कपाटाची किल्ली द्या. मला मनाचा आजार हाय, गोळ्या घेतल्या की मी बरी असते. यांना तुमी सांगितलं न्हाय, म्हनून मी सांगते."

गोजरबाईने कपाळावर हात मारला. वैजयंतीबाईंनी अर्धा चहा खाली ठेवला. "कळवतो," म्हणून मंडळी उठली.

सयाजीने किल्ली दिली. आरोहीने आधी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आजच बोलावलं.

सोलापूरच्या एसटीत सयाजी डोळे पुसत म्हणाला, "एवढं चांगलं स्थळ गेलं की गं, पोरी."

"जाऊ द्या, आबा. मी तर हाय न्हवं?"