एका पत्राचे अकरा तास

मित्रांनो, मी एक जुना, वेळेचा शिक्का आहे. हातात धरायचा रबरी नव्हे हं! चांगली चार किलोची लोखंडी पेटी, पोटात घड्याळ आणि समोर कागद सरकवायला एक फट. कागद आत आला की खट्‌कन त्यावर तारीख आणि वेळ छापायची, एवढंच माझं काम. माझी कहाणी काही गोड नाही, आधीच सांगून ठेवतो. झालं गेलं विसरून जा, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

कारखान्यात एका कारागीर बाईंनी मला जोडलं आणि तीन आठवडे भिंतीवरच्या घड्याळाशेजारी चालवून पाहिलं. मिनिटाचाही फरक पडला नाही, तेव्हाच मला बाहेर पाठवलं. एका वकिलांनी मला विकत घेतलं. सगळे त्यांना थोरले वकील म्हणत. त्यांचा एक नियम होता. अशिलाचा कागद टेबलावर आला की मागच्या बाजूला शिक्का, टेबलावरून उठला की पुन्हा शिक्का. मधली वेळ मोजायची आणि तेवढीच फी घ्यायची. "हा वकील महाग आहे, पण लबाड नाही," असं लोक म्हणायचे. कारकून काका रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्यांबरोबर माझी वेळ जुळवायचे आणि फडक्याने मला पुसायचे. फार मानाचे दिवस होते ते!

थोरले वकील वारले आणि त्यांचा पुतण्या खुर्चीत बसला. "तास माझ्या डोक्यात असतात," तो म्हणाला. डोकं त्याचंच, त्यामुळे तासही त्याला हवे तेवढे वाढायचे. मला त्याने चहाच्या कोपऱ्यात ढकललं आणि माझ्या डोक्यावर चक्क उकळती किटली ठेवायला लागला! माझा रंग पोळून निघाला. "काका, हे भंगार कशाला ठेवलंय अजून?"

"राहू दे साहेब, कुणाच्या अध्यात ना मध्यात," काका म्हणायचे. पण हाडात मुरलेली सवय ती, प्रत्येक कागद ते अजूनही माझ्याकडे आणायचे. पुतण्याला याचा पत्ताच नव्हता, कारण कागद उलटून पाहायची त्याला कधी गरजच वाटली नाही. मी मात्र दात-ओठ खात वाट पाहत होतो.

मग शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचं प्रकरण आलं. भाड्याच्या दुकानाच्या मालकाशी त्यांचं भांडण होतं. शेवटी दोघांनी कोर्टात तडजोड केली. ठरल्या तारखेला ताईंनी दुकान सोडायचं, आणि जो तडजोड मोडेल त्याने समोरच्याच्या वकिलाची फी भरायची. ताईंनी दुकान वेळेवर रिकामं केलं, पण मालक लेकीकडे गेला होता. चाव्या घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून त्या दोन दिवस उशिरा दिल्या गेल्या. मालकाचा वकील म्हणजे आपला पुतण्या. त्याने लगेच फी मागितली. किती तासांची? एकशे चाळीस!

ताई कोर्टात म्हणाल्या, "एवढे पैसे भरायचे तर तिन्ही शिलाई मशीन विकाव्या लागतील. मग मी आणि जाऊबाईंनी खायचं काय?"

न्यायाधीश बाई कडक होत्या. "चाव्या कोर्टात जमा करता आल्या असत्या. उशीर तो उशीर, फी द्यावी लागेल." मग बाई पुतण्याकडे वळल्या. "पण फी मागायचा हक्क म्हणजे वाटेल तेवढी मागायचा हक्क नव्हे. तास सिद्ध करा. मूळ कागद आणा."

त्या दिवशी काका फाईल बांधताना म्हणाले, "साहेब, एकदा नजर टाकता का?"

"तुमचं काम उचलायचं, काका. बघायचं माझं मी बघतो."

त्याने बघितलंच नाही. बाईंनी मात्र पहिलाच कागद उलटला. 'चाव्या त्वरित द्याव्यात' असं तीन ओळींचं पत्र, आणि मागणीत त्याचे तास लिहिले होते अकरा. मागे माझे दोन शिक्के होते, अकरा वाजून पाच आणि अकरा वाजून वीस. पंधरा मिनिटं! पुतण्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"ते भंगार आहे! मनाला येईल ती वेळ छापतं!" तो ओरडला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

"मग आणा ते भंगार इथे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला लेकरासारखं उचलून कोर्टात नेलं. बाईंनी स्वतःच्या हाताने कोरा कागद आत सरकवला. मी चुकलो असतो, तर ताईंच्या मशीन गेल्याच होत्या. मित्रांनो, इतका जीव लावून मी कधी शिक्का मारला नव्हता. खट्! बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मिनिटाला मिनिट जुळलं.

सगळ्या कागदांची बेरीज झाली सव्वासहा तास. ताईंनी तेवढीच फी द्यायची, असा निकाल लागला. शिवाय या खोट्या तासांपायी कोर्टात यावं लागून त्यांचं नवं दुकान दोन दिवस बंद राहिलं, त्याची भरपाई पुतण्याने स्वतःच्या खिशातून करायची. आणि यापुढे या कोर्टात त्याला फी मागायची असेल, तर प्रत्येक कागदावर वेळेचा शिक्का हवा. ताई काकांचे हात धरून रडल्या. मला मात्र हसू आवरत नव्हतं.

आता मी पुन्हा टेबलावर आहे, अगदी पुतण्याच्या नाकासमोर. रोज सकाळी तो स्वतः फडकं घेऊन मला पुसतो, आणि काका शेजारी बसून "कोपरा राहिला, साहेब" म्हणतात. तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. प्रेमाने घेतलीत तर उत्तमच. भीतीने घेतलीत, तरी माझी काही हरकत नाही.