मिशीवर लावलेली पैज

पैज लागली ती आमच्या इमारतीच्या लिफ्टसमोर. मेहुण्याने हेडफोनची रेडिओ-जाहिरात केली होती. बाहेरचा गोंगाट बंद करणारे हेडफोन, म्हणून जाहिरातीत नुसती शांतता आणि शेवटी एक वाक्य. बायकोने ती अख्ख्या नात्यात फिरवली. मी इतकी वर्षं स्पीकरच्या जाहिराती लिहितोय, माझी एकही तिने पुढे पाठवलेली नाही.

"रेडिओ बिघडला म्हणून लोक स्टेशन बदलतील," मी म्हणालो. "खालच्या सलूनात बघू. शांतता लागली आणि रेडिओला कुणाचा हात लागला, तर तू मिशी काढायची."

"आणि नाही लागला तर, दाजी?"

"तर मी काढीन. रस्त्यावर. आणि तू माझ्यापेक्षा चांगलं लिहितोस, असं ओरडून सांगेन."

"मी साक्षीदार," वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. त्यांना कसली हौस असेल तर ती आमच्या भांडणांची.

मी बिनधास्त होतो. सलूनवाल्याचा रेडिओ जुना, मध्येच बंद पडायचा आणि तो त्याला चापट मारायचा. तरी आदल्या दिवशी त्याच्या कानात सांगून ठेवलं, "उद्या नेहमीसारखी चापट मार, मी दाढीचं गिऱ्हाईक कायमचं तुझं."

आम्ही दोघं सलूनात बसलेलो असताना जाहिरात लागली. रेडिओ गप्प. सलूनवाल्याचा हात उठला. मी मिशीवर बोट फिरवलं.

हात हवेतच थांबला. दुकानात फक्त त्याच्या दुसऱ्या हातातली कात्री वाजत होती. त्याने मान तिरकी केली आणि उगाच दोनदा हवेत कात्री चालवून ऐकली. मी खाकरलो, डोळा मारला. बघेल तर शपथ.

मग रेडिओवर आवाज आला, "हे आम्ही विकतो."

वाक्य चांगलं होतं. माझं असायला हवं होतं.

फुटपाथवर खुर्ची मांडली गेली. बायको, काकू, निम्मी इमारत जमली.

"जाऊ दे दाजी, मिशी राहू द्या," मेहुणा म्हणाला.

त्याचं हे मोठं मन तर मला अजिबात सहन झालं नाही. "काढ रे," मी सलूनवाल्याला म्हणालो.

वस्तरा फिरला. मी उठलो, पुटपुटलो, "हा माझ्यापेक्षा चांगलं लिहितो."

"मागे ऐकू नाही आलं," काकू म्हणाल्या.

मी परत सांगितलं. या वेळी ओरडून.