तिसऱ्या टेबलाचं फेरवाचन

प्रयोगशाळेत एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हा त्याच नियमाचा उरलेला अर्धा भाग होता. मोजणीचं जे वाचन बाकीच्यांशी जुळत नाही ते लाल शाईने खोडायचं, सरासरीत धरायचं नाही आणि पुढे जायचं. नव्याने शिकवायला आलेल्या तिला विज्ञानाच्या सरांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं तेव्हा ते फळा पुसत होते आणि तिच्याकडे बघायचीही त्यांना गरज वाटली नव्हती. "तेवीस वर्षं शिकवतोय मी," ते म्हणाले होते. "पोरं काहीही मोजतात. तुम्ही फक्त सह्या करत जा."

तिने मान डोलावली. मान डोलावणं तिच्या रक्तात नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत आठवडाभरातच तिचं नाव 'ठिणगी' पडलं होतं, आणि वडीलधाऱ्या मंडळींनी ते कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. पण या शाळेत ती शिकवायच्या हौसेने आलीच नव्हती. अकरा वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेत, तिसऱ्या टेबलाशी, तिच्या ताईने अंधारात बुडबुडे मोजले होते, आणि सरांनी तिला साऱ्या वर्गासमोर उभं करून वहीत एक ओळ लिहायला लावली होती : 'वरील आकडा मी मनाने लिहिला.' पहिला नंबर न सोडणारी ताई त्या वर्षी कशीबशी पास झाली. आता ती घरीच असते आणि सगळं दोनदोनदा मोजते. जिन्याच्या पायऱ्या, दोरीवरचे कपडे, आईच्या गोळ्या. तरीही खात्री पटली नाही की धाकटीला हाक मारते, "तू मोज गं. माझा काही भरवसा नाही."

आई म्हणायची, झालं ते झालं, शिळ्या कढीला ऊत कशाला. ठिणगीला मात्र ऊतच हवा होता.

प्रयोग तसा साधा, नववीतल्या कुणालाही जमेल असा. चंचुपात्रात पाणी, त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा, हिरव्या पाणवनस्पतीची एक फांदी, तिच्यावर उपडं नरसाळं आणि नरसाळ्याच्या टोकावर पाण्याने भरलेली नळी. समोर दिवा ठेवायचा, मिनिटाला किती बुडबुडे सुटतात ते मोजायचं, दिवा लांब न्यायचा, पुन्हा मोजायचं. प्रकाश कमी झाला की बुडबुडे कमी होतात. शेवटी दिवा बंद करून, पडदे ओढून तीन वाचनं घ्यायची, आणि तिथे शून्य यायला हवं. सहापैकी पाच टेबलांवर शून्यच आलं होतं. तिसऱ्या टेबलावरच्या मुलीने लिहिलं होतं : तीन, बारा, अठ्ठेचाळीस.

सरांनी तिन्ही आकडे खोडले होते. खाली ओळ लिहायची जागा मोकळी होती, कारण मुलगी ओळ लिहायला तयार नव्हती. शनिवारी गुणपत्रक जायचं होतं. ओळ लिहिली तर मुलगी काठावर पास, नाही लिहिली तर प्रात्यक्षिकात शून्य आणि पुढच्या वर्षी विज्ञान बंद. तिला समजावण्याचं काम सरांनी ठिणगीवर टाकलं होतं.

वही तपासताना समासातली बारीक अक्षरं तिच्या नजरेला पडली. तीनपुढे लिहिलं होतं 'सर फळ्यापाशी', बारापुढे 'सर पहिल्या टेबलापाशी', अठ्ठेचाळीसपुढे 'सर माझ्या मागे'.

"हे कशाला लिहिलंस गं?" तिने विचारलं.

"तुम्हीच सांगितलं होतं ना बाई, प्रयोगात जे जे बदलेल ते लिहायचं. दिवा बंद होता, पडदे बंद होते. सरच तेवढे हलत होते."

ठिणगी खळखळून हसली. मुलगी हसली नाही. शाळा सुटल्यावर ठिणगीने मोजपट्टी आणून जमिनीवर अंतरं मोजली. फळ्यापासून टेबल चार मीटर, पहिल्या टेबलापासून दोन, मुलीच्या पाठीमागे जेमतेम एक. तिने आलेख काढला. अंतर निम्मं झालं की आकडा चौपट. दिव्याच्या बाबतीत पुस्तकात जी वक्ररेषा छापलेली असते ती हीच, पण शाळेतल्या पोरांच्या हातून ती इतकी स्वच्छ कधी येत नाही. कुठेतरी एखादा बिंदू लटपटतोच. इथे एकही लटपटला नव्हता.

जुन्या वह्यांच्या कपाटाची किल्ली प्रयोगशाळेच्या मामांकडे असायची. सारी हयात त्यांनी याच खोलीत काचा धुण्यात घालवली होती.

"बाई, जुनं उकरू नका," किल्ली देताना ते म्हणाले. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"मासा कोण, मामा?"

"मला काय विचारता? मी आपला पाणी भरणारा."

अकरा वर्षांच्या अकरा वह्या निघाल्या. दर वर्षी तिसरं टेबल, दर वर्षी अंधारात काहीबाही आकडे. कधी चार, कधी सात, एकदा नऊ. मग सरांनी स्वतः जवळ उभं राहून करून घेतलेलं फेरवाचन : अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस. सगळ्यांवर लाल रेघ, आणि प्रत्येक रेघेखाली वेगळ्या हस्ताक्षरात तीच ओळ. सर्वांत जुन्या वहीत ताईचं अक्षर होतं. 'मनाने' या शब्दापाशी निबाने कागद फाटला होता.

म्हणजे सरांनी ते अकरा वेळा डोळ्यांनी पाहिलं होतं. पोरं खोटी नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी दर वर्षी एका पोराला त्यांनी खोटं ठरवलं होतं. रात्रभर हा राग तिच्या पोटात शांतपणे, कढ न येता तापत राहिला, आणि सकाळी तिने सरांना, सगळे जिला मोठ्या बाई म्हणत त्या मुख्याध्यापिकेला आणि मामांना मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बोलावलं.

पडदे ओढलेले होते. तिसऱ्या टेबलावर पात्र मांडलेलं होतं. आकडे दिसावेत एवढाच उजेड दाराच्या फटीतून येत होता.

"एका बुडबुड्यापायी शाळेची अब्रू काढणार का तुम्ही?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"एक नाही, बाई. अठ्ठेचाळीस."

"पाण्यात विरघळलेली हवा असते ती," सर फळ्यापाशी उभे राहून म्हणाले. "अनुभवाने सांगतो."

"मग ती हवा तुम्हाला ओळखते कशी? पुढे या, सर."

सर हलले नाहीत. त्यांनी कपाळ पुसलं.

"जा हो पुढे," मोठ्या बाई वैतागल्या. "संपवा एकदाचा पोरखेळ."

सर पहिल्या टेबलापर्यंत आले. ठिणगीने मिनिटभर मोठ्याने मोजलं. बारा. मग ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि तिला मोजायची गरजच उरली नाही. नरसाळ्यातून बुडबुड्यांची माळ सुटली होती. मामा दाराकडे सरकले. मोठ्या बाईंनी एकदा पात्राकडे पाहिलं, एकदा सरांकडे, आणि पदर सारखा केला.

"हे बाहेर जायचं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "त्या मुलीकडून ओळ लिहून घ्या आणि तुम्ही सही करा. विषय संपला."

सरांनी खिशातलं लाल पेन काढून वहीवर ठेवलं. "खोडा," ते म्हणाले, आणि एवढ्या एका शब्दाला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

"नाही खोडणार." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, इतका थंड. "मी सही करणार नाही आणि ती मुलगी ओळ लिहिणार नाही. यापुढे कुणीच लिहिणार नाही. तेवीस वर्षांच्या अनुभवाने बोला सर, काय बोलायचं ते. मी ऐकतेय."

कुणीच काही बोललं नाही. मामांची नजर जमिनीवर होती. मोठ्या बाईंचे ओठ मिटलेले होते. उत्तर नाही म्हणून गप्प बसलेत, असं वाटून पहिल्या क्षणी तिला आयुष्यात कधी झाला नव्हता एवढा आनंद झाला. मग तिने सरांकडे पाहिलं. ते बोलत होते. ओठ हलत होते, गळ्याची शीर ताठली होती, एक हात टेबलाची कड शोधत होता, आणि तोंडातून आवाज म्हणून काही निघत नव्हता. त्यांचा श्वास नळीत जमत होता, तसं नळीतलं पाणी भराभर खाली सरकत होतं.

पडदा हाताशीच होता; तो सारला की उजेड येणार होता आणि फांदीला सरांची गरज उरणार नव्हती. तिने घड्याळ पाहिलं. मिनिट भरायला अजून चाळीस सेकंद होते, आणि वाचन अर्धवट सोडायचं नसतं.