सात नंबरचा दिवा

"सहाच दिसतायत," तपासनीस म्हणाला.

"मोजायला चुकलात," कंपनीची इंजिनिअर हातातल्या टॅबवरून मान न उचलता म्हणाली. "सातही चालू आहेत. इथं हिरवं आलंय बघा. करा सही आणि चला, दिवेलागण झाली."

टेकडीवर वारा मी म्हणत होता. समोरच्या डोंगरावर सात पवनचक्क्या आणि प्रत्येकीच्या माथ्यावर, विमानं आदळू नयेत म्हणून, एक तांबडा दिवा. असे दिवे पाहून दाखले देण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. ऑफिसात त्याला 'दिवाबत्ती'च म्हणत. या डोंगरावरून रुग्णांना नेणारं हेलिकॉप्टर जायचं.

"वर बघून सांगा," तो म्हणाला.

तिने क्षणभर डोकं वर केलं. "दिसतोय की! काका, डोळे तपासून घ्या."

ती थट्टेत बोलली, पण बोलणं खरं होतं. त्याला काचबिंदू झाला होता आणि गेलेली नजर परत येणार नव्हती. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. नजर अधू झालेल्याला फिरतीवर ठेवत नसत. जन्मभर डोंगर तुडवलेल्या माणसाला ऑफिसातल्या टेबलाच्या नुसत्या विचारानेच धडकी भरे. मुकाट्याने सही केली असती, तर कुणाला कानोकान खबर लागली नसती.

त्याने फॉर्म गुडघ्यावर घेतला. 'दिवा चालू आहे / नाही' असं छापलं होतं. दोन्ही खोडून त्याने लिहिलं: 'चालू असेल. मला दिसला नाही. मला काचबिंदू आहे. दुसऱ्या कुणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दाखला देऊ नये.'

इंजिनिअरने वाचलं आणि ती गडबडली. "अहो, स्वतःच्या पायावर कशाला धोंडा मारून घेताय?"

"असू दे. हेलिकॉप्टरवाला तुमचा टॅब बघून उडवत नाही."

दोन दिवसांनी दुसरा तपासनीस सातव्या पवनचक्कीच्या मनोऱ्यावर चढला. दिवा चालूच होता. पण वरची काच उन्हाने पांढुरकी पडली होती आणि उजेड आतच अडला होता. "दिवाबत्ती, काचबिंदू तर दिव्यालाच झालाय!" त्याने फोनवर सांगितलं. दोघंही पोट धरून हसले. काच बदलली. टेबलाचा हुकूम मात्र यायचा तो आलाच.

त्या संध्याकाळी तो बायकोबरोबर घराच्या गच्चीवर गेला. तिथून लांबवर तो डोंगर दिसायचा.

"किती?"

"सात."

"नीट बघून सांग."

"सात म्हणजे सात," ती म्हणाली आणि त्याचं बोट धरून तिने ते एकेका दिव्यावर नेलं.