शुद्ध केलेली वेळ

मुकुंदरावांचं भविष्य चुकत नाही, असं मध्य प्रदेशातल्या बालाघाटात लोक म्हणत. ते का चुकत नाही, हे त्यांच्या मुलीला, देवश्रीला, फार पूर्वीच कळलं होतं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते घरच्या बैठकीत पत्रिका बघत. सांगितलेलं घडलं की माणूस पेढे घेऊन येई. नाही घडलं, तर बहुतेक जण पुन्हा फिरकत नसत. एखादा आलाच, तर मुकुंदराव शांतपणे विचारत, "जन्मवेळ कोणी सांगितली होती?" मग त्याच्या आयुष्यात घडून गेलेल्या गोष्टी, लग्न, नोकरी, बापाचा मृत्यू, पत्रिकेशी जुळेपर्यंत ते वेळ मागेपुढे सरकवत. याला ते शुद्धी म्हणत. "पत्रिका खोटं बोलत नाही," ते म्हणत, "सुईण बोलते."

देवश्री कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. उत्तर आधीच ठाऊक असलेली मुलं प्रयोगशाळेत लंबकाची वाचनं त्या उत्तराला जुळतील अशी लिहीत, आणि ती त्यांना सगळा प्रयोग पुन्हा करायला लावी. घरी मात्र ती गप्प बसे. म्हातारपणाचा विरंगुळा आहे, कोणाचं काय बिघडतं, असं तिने स्वतःची समजूत घातली होती.

होळीनंतर तिच्या आईच्या, अहिल्याबाईंच्या, छातीत गाठ सापडली. तपासणी झाली. कॅन्सर आहे, नागपूरला नेऊन ऑपरेशन करा, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

मुकुंदरावांनी पत्रिका उघडली. "वृषभ लग्न आहे तिचं. वृषभेला शनीसारखा सखा नाही, आणि महादशा त्याचीच चालू आहे. तो तिला काही होऊ देत नाही. फक्त त्यातला सध्याचा केतूचा काळ वाईट आहे. तो दसऱ्याला सरतो. तोवर शस्त्र लावायचं नाही."

"बाबा, गाठ दसऱ्यापर्यंत थांबणार आहे का?"

"मी सांगून राहिलो ना."

देवश्री आईकडे वळली. अहिल्याबाई मेथी निवडत होत्या.

"तुझ्या बाबांना माझा वाढदिवस कधी आठवला नाही," त्या म्हणाल्या, "पण माझा शनी तोंडपाठ आहे. इतकी वर्षं त्यांच्या सांगण्यावर उठले-बसले. आता एकदाच उलटं वागले आणि काही झालं, तर जन्मभर ऐकवतील."

"ऐकायला तू हवीस ना, आई."

अहिल्याबाई हसल्या आणि पुढची जुडी ओढली. देवश्री रोज बोलली, रडली, एकदा तर भाड्याची गाडी दाराशी आणून उभी केली. आई गाडीत बसली नाही. असा पोळा आला, आणि आईला काखेतल्या दुखण्याने हात वर उचलेना.

तेव्हा देवश्री परसवाड्याला गेली. आईचा जन्म तिथला, आणि त्या वेळी घरात असलेलं एकच माणूस आता हयात होतं: आईची आत्या, शेवंताबाई.

"आजी, आई कोणत्या वेळेला जन्मली?"

"मले काय मालूम, बाई? गुरं घरी आलती का जेवणं झालती, कोणी पाह्यलं? घड्याळ होतं मास्तराच्या घरी. लग्नाच्या टायमाले तुह्या बापानंबी हेच विचारलं. मी म्हटलं, गुरं यायची वेळ लिहा, कानाले बरी लागते." मग तिने डोळे बारीक केले. "काहून? आता अजून कोणासंगं लग्न लावून राह्यले तिचं?"

परतीच्या बसमध्ये देवश्रीने जन्मात प्रथमच उत्तर आधी ठरवून वाचन तयार केलं. वडिलांची पुस्तकं बघून तिला एवढं समजत होतं की वेळ थोडी पुढे गेली की पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळची उगवती रास, बदलतं, आणि लग्न बदललं की सखा असलेला शनी वैरीही होतो.

"बाबा, शेवंताआजी म्हणते, गुरं येऊन, दिवे लागून, जेवणंसुद्धा उरकली होती."

मुकुंदरावांनी चष्मा लावला. बराच वेळ गणित केलं, पुसलं, पुन्हा केलं. वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मिथुन येतं. शनी मृत्युस्थानाचा मालक होतो." त्यांनी पत्रिका मिटली. "उद्याच न्या तिला."

गाडीत अहिल्याबाईंनी मुलीचा हात धरला. "बघ, शेवटी त्यांनीच सांगितलं. म्हणून माझा जीव शांत आहे."

नागपूरच्या डॉक्टरांनी जुने कागद आणि नवे फोटो शेजारी-शेजारी ठेवले. "मधले सहा महिने काय करत होतात?" रोग यकृतात उतरला होता. ऑपरेशनचा आता उपयोग नव्हता. दिवाळीनंतर अहिल्याबाई गेल्या.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मुकुंदराव सांगत, "खरी वेळ कळली त्याच दिवशी मला दिसलं होतं. मिथुन लग्न, अष्टमेशाची दशा. उगाच म्हटलं का मी, उद्याच न्या म्हणून? वेळच उशिरा कळली, माझा इलाज नव्हता." लोक त्यांच्या पाया पडून जात.

तेराव्यानंतर एका दुपारी ते एकटेच बसलेले पाहून देवश्री समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, ती वेळ शेवंताआजीने सांगितली नव्हती. मी बनवली. तुम्ही घाबरावं म्हणून."

त्यांचा हात पानाच्या डब्यावर थांबला. "तू बनवलीस."

"हो. खोटी. आणि आधीचीही खोटीच होती. आजीला काही आठवत नाही. कधीच आठवत नव्हतं."

त्यांनी मान खाली घातली. डबा बाजूला सारला, आणि क्षणभर तिला वाटलं, आता हे आईचं नाव घेऊन रडतील. मग त्यांनी मान वर केली.

"पण जुळली ना, बेटा? तुझ्या तोंडून खरी तीच निघाली. असं होतं कधीकधी."

"काहून करता असं, बाबा?" लहानपणचा हा 'काहून' तिच्या तोंडून किती वर्षांनी आला होता.

फाटक वाजलं. मलाजखंडहून आलेला भैयालाल चपला काढत होता.

"बाबूजी, बायकोच्या गळ्यात गाठ आली जी. डॉक्टर म्हणते, रायपूरले ने. मी म्हटलं, पह्यले तुमाले विचारतो."

"इथं विचारायचं काही नाही, भाऊ," देवश्री दारातच उभी राहिली. "आजच्या आज घेऊन जा तिला."

भैयालालने संकोचून हात जोडले. "तुमचं दुःख समजते, ताई. पण बाबूजींनी तुमच्या आईचंबी बरोबरच सांगितलं होतं न."

ती दारातून हलली नाही. अंग चोरून तो तिच्या बाजूने आत गेला आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"जन्मवेळ?" मुकुंदरावांनी विचारलं.

"तिची माय म्हणते, कोंबडा आरवला तवाची. नाहीतर त्याच्या जरा आधीची."

"असू दे," मुकुंदराव म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. "शुद्ध करून घेऊ."